कॅसेटमधला गालिब

आज मला एका कॅसेटविषयी बोलायचं आहे. खरं म्हणजे दोन कॅसेटच्या एका संचाविषयी.

१९८८ साली दूरदर्शनवर 'मिर्झा गालिब' ही मालिका आली. लिहिली होती गुलजार यांनी, दिग्दर्शनही त्यांचंच. गालिबच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह होते आणि संगीत जगजितसिंग यांचं होतं. मालिकेतल्या गझला एच.एम.व्ही.नं कॅसेटवर काढल्या. यथावकाश मालिका संपली, पण कॅसेट घराघरांत राहिली. पुढे तिची सीडी झाली आणि आता ती मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे. मालिकेचं एकही दृश्य न पाहिलेली आजची मुलं त्या गझला ऐकतात, गुणगुणतात.

गालिब गेला १८६९ मध्ये. म्हणजे मालिका आली तेव्हा त्याला जाऊन एकशे एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या जुन्या, अवघड समजल्या जाणाऱ्या, दुसऱ्या भाषेतल्या कवीला एका मालिकेच्या गाण्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीत आणून बसवलं. हे कसं घडलं, आणि येताना त्याचं काय काय उंबऱ्याबाहेर राहिलं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

पाश्चात्त्य देशांत एक जुनी रीत आहे. एखादं संगीत नाटक किंवा संगीत मालिका गाजली, की त्यात काम करणाऱ्या नटमंडळींच्याच आवाजातल्या गाण्यांचा संच काढायचा. अमेरिकेत २००९ ते २०१५ या काळात 'ग्ली' नावाची मालिका चालली. एका शाळेतल्या गायनवृंदाची गोष्ट. तिच्यातल्या नटनट्यांनी गायलेल्या गाण्यांचे संच असेच एकामागून एक निघाले. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या दुसरं काय होत्या? 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आणि 'एकच प्याला'मधली सिंधू रंगभूमीवर ज्या गळ्यातून गात, तोच गळा ग्रामोफोनच्या कर्ण्यातून ऐकू येई. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली आलं, तेव्हा खाँसाहेबांचा चेहरा आणि गळा, दोन्ही वसंतराव देशपांडे यांचेच होते.

सिनेमानं मात्र गळा आणि चेहरा यांची फारकत केली. तरी गालिबच्या बाबतीत एक सुंदर अपवाद आहे. १९५४ साली सोहराब मोदी यांनी 'मिर्झा गालिब' हा चित्रपट काढला. त्यात भारतभूषण गालिब झाले होते आणि त्यांना आवाज होता तलत महमूद यांचा. पण नायिका होती सुरैया, आणि ती स्वतः गायली. गुलाम मोहम्मद यांच्या चालींवर तिनं गायलेल्या गालिबच्या गझला जुन्या पिढीच्या कानात अजून आहेत. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीचं, म्हणजे देशातलं पहिलं सुवर्णपदक कोणत्या चित्रपटाला होतं, ठाऊक आहे? आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. साने गुरुजींची आई आणि दिल्लीचा मिर्झा असे पाठोपाठ उभे आहेत. मला ही जोडी फार आवडते.

गुलजार यांनाही आधी चित्रपटच करायचा होता. त्यासाठी संजीवकुमार यांचं नाव त्यांच्या मनात होतं. ते जमलं नाही. १९८५ साली संजीवकुमार गेले. पुढे मालिका झाली तेव्हा नसीरुद्दीन गालिब झाले. त्यांच्याभोवतीची माणसं पाहा. गालिबची बेगम उमराव झालेल्या तन्वी आझमी या आपल्या उषा किरण यांच्या कन्या. बादशहा बहादूरशाह जफर झाले होते सुधीर दळवी, ज्यांना महाराष्ट्र साईबाबा म्हणून ओळखतो. गालिबचा प्रतिस्पर्धी, उस्ताद जौक, साकारला शफी इनामदार यांनी, आणि ते कोकणातले. दिल्लीचा दरबार भरला, त्यात मराठी मुलखातली माणसं मानाच्या जागी बसली होती.

आता गाण्यांकडे येतो. मुशायऱ्यात गझल सादर करायच्या दोन रीती असतात. सुराविना, नुसत्या लयीत शेर म्हणायचा, त्याला 'तहत' म्हणतात. सुरात म्हणायचा, त्याला 'तरन्नुम'. मालिकेत या दोन्ही रीती आहेत. नसीरुद्दीन तहतमध्ये शेर म्हणतात. भाव चेहऱ्यावर, हातवाऱ्यात, थांबण्यात. जगजितसिंग तोच गालिब गातात, पण गाताना ते गालिबचं सोंग घेत नाहीत. बाहेर जगाशी बोलणारा गालिब नसीरुद्दीनचा आणि आत स्वतःशी बोलणारा जगजितचा, अशी ती वाटणी आहे. नवाबजान या गाणारणीच्या भूमिकेत नीना गुप्ता होत्या, आणि तिथे चित्रा सिंग यांचा आवाज येतो. कॅसेट लावली की सुरुवातीला गुलजार यांचा खर्जातला आवाज आपल्याला बल्लीमारानच्या गल्ल्यांतून चालवत गालिबच्या दारापर्यंत नेतो. असे तीन-चार आवाज मिळून एक माणूस उभा राहतो.

जगजितसिंग यांच्याआधी गालिब कुणी गायलं नव्हतं असं मुळीच नाही. बेगम अख्तर गायल्या. एकेका शब्दाला ठुमरीच्या अंगानं वळवून, आवाजाच्या त्या प्रसिद्ध तुटण्यासकट गायल्या. महंमद रफी खय्याम यांच्या चालींवर गायले. मेहदी हसन रागाची बैठक घालून गझल फुलवत. या सगळ्यांचं गाणं थोर आहे. पण जगजितसिंग यांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी चालीला शब्दांच्या पुढे धावू दिलं नाही. मतल्याची पहिली ओळ ते दोनदा, तीनदा म्हणतात. ऐकणाऱ्याच्या मनात रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, पक्का बसतो. मग दुसऱ्या ओळीला आपण त्या शब्दाची वाट पाहू लागतो आणि तो आला की आपल्याला बरं वाटतं, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं. दोन शेरांच्या मध्ये सारंगी वाजते तेवढा वेळ आपल्याला अर्थ लावायला मिळतो. उर्दू न येणाऱ्या माणसासाठी हा अवकाश फार मोलाचा आहे. मास्तरांनी फळ्यावर ओळ लिहावी आणि मुलांचं उतरवून होईपर्यंत थांबावं, तसं ते थांबणं आहे.

आणखी एक गोष्ट मला कॅसेट ऐकताना उमगली. मालिकेत गझल प्रसंगाचं बोट धरून येते. घरावर कर्ज झालंय, मूल गेलंय, तुरुंगात टाकलंय, आणि त्या पाठोपाठ शेर येतो. त्यामुळे शेराचा अर्थ त्या प्रसंगाला बांधला जातो. टीव्हीवर ते बरोबरच आहे, कारण गोष्ट पुढे न्यायची असते. पण गझलेचा स्वभाव तसा नाही. गझलेतला प्रत्येक शेर सुटा, स्वयंपूर्ण. एक शेर प्रेयसीविषयी असेल, पुढचा परमेश्वराविषयी, त्यापुढचा स्वतःच्याच फजितीविषयी. आपल्या अभंगासारखा एक भाव शेवटपर्यंत नेण्याची सक्ती तिला नसते. कॅसेट आली आणि प्रसंग गळून पडले. हवेली, दरबार, तुरुंग सगळं गेलं. उरला नुसता आवाज. मग कुणी तो शेर मुलीची सासरी पाठवणी केल्यावर ऐकला, कुणी गिरणी बंद पडल्यावर ऐकला, कुणी वसतिगृहातल्या खोलीत एकट्यानं ऐकला. शेर पुन्हा सुटा झाला आणि ज्यानं ऐकला त्याचा झाला. मालिकेनं गालिबला चेहरा दिला. कॅसेटनं तो चेहरा थोडा बाजूला सरकवून जागा केली आणि तिथे ऐकणारा बसला.

माझ्याकडेही गालिब असाच आला. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांचा समज वेगळा असतो. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, बी.ए. मराठी घेऊन केलं. घरात आम्ही दख्खनी बोलायचो. तिच्यात 'नक्को' आहे, 'हौ' आहे आणि निम्मं मराठीही आहे. दिल्लीच्या उर्दूवाल्यानं कपाळाला हात लावावा अशी ती बोली. गालिब आमच्या घरी वारसाहक्कानं आला नाही. शेजारच्या घरात ज्या कॅसेटमधून आला, तिच्यातूनच आमच्याही घरात आला. तरीही कार्यक्रमात माझी मराठी कविता वाचून मी खाली उतरलो, की कुणीतरी प्रेमानं म्हणतं, ''आता गालिबचा एखादा शेर होऊन जाऊ द्या.'' माझ्या शेजारी माझा एक कविमित्र बसलेला असतो. त्याला ज्ञानेश्वरी जेवढी पाठ आहे, तेवढाच गालिबही पाठ आहे. त्याला कुणी ही फर्माईश करत नाही. त्याची बिचाऱ्याची मोठी अडचण होते. त्याला म्हणायचा असतो, आणि विचारतात मला!

गंमत सोडा, पण यात एक प्रश्न आहे. गालिब कुणाचा? ही कॅसेट या प्रश्नाचं एक उत्तर देऊन गेली आहे, असं मला वाटतं. पंजाबी घरातल्या शीख गुलजारांनी लिहिलं, श्रीगंगानगरला जन्मलेल्या शीख जगजितसिंगांनी गायलं, मुंबईच्या मंडळींनी साकारलं आणि सगळ्या देशानं ऐकलं.

मराठी ऐकणाऱ्याला तर गालिब निम्मा आधीच कळलेला असतो. त्याचं चरित्रच बघा. काकांच्या जहागिरीपोटी मिळणाऱ्या पेन्शनचा वाद, त्यासाठी केलेले अर्ज, १८२८ साली थेट कलकत्त्यापर्यंत नेलेली फिर्याद, डोक्यावरचं कर्ज, १८४७ साली जुगारापायी झालेली कैद, दरबार, हवेली, दारू. यातला 'पेन्शन' सोडला तर अर्ज, फिर्याद, कर्ज, कैद, दरबार, हवेली, दारू हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि आपल्याकडे कायमचे राहिले. अनुवादाची गरजच नाही. काही शब्द मात्र इकडे येऊन बदलले, आणि तिथे खरी मौज आहे. 'शिकस्त' म्हणजे फारसीत मोडणं, हरणं. गालिबच्या शेरात हा शब्द येतो तो मोडण्याच्या अर्थानं. आपण मात्र 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणतो, म्हणजे मोडेपर्यंत झटलो. दिल्लीत जी हार, तीच दख्खनेत येऊन जिद्द झाली! कॅसेटमधल्या एका गझलेत तो म्हणतो की हे जग म्हणजे आपल्यापुढे चाललेला पोरखेळ आहे, रात्रंदिवस 'तमाशा' चालू आहे. तिथे तमाशा म्हणजे नुसतं बघण्यासारखं दृश्य. पण मराठी कानाला तो शब्द ऐकला की ढोलकी ऐकू येते, तुणतुणं ऐकू येतं. गालिबच्या शेरात नसलेला एक रंग आपण आपल्या घरचा घालतो. मला तो चुकीचा वाटत नाही. पाहुण्याला आपल्या ताटात वाढतानाच खरा पाहुणचार होतो.

आता उंबऱ्याबाहेर काय राहिलं, ते.

पहिलं म्हणजे फारसी गालिब. त्याला स्वतःला आपल्या फारसी कवितेचा उर्दूपेक्षा जास्त अभिमान होता. फारसीत त्यानं लिहिलंही कितीतरी अधिक. ते गाण्यांत येणं शक्यच नव्हतं. दुसरं म्हणजे अवघड गालिब. संचातल्या गझला बहुतेक सोप्या भाषेतल्या आहेत, आणि गाताना एकेका गझलेतले साधारण चार-पाच शेर घेतले आहेत. ज्या शेरात शब्दाला शब्द जोडून फारसी समासांची साखळी केलेली आहे, ज्याच्यापुढे भाष्यकार आजही डोकं खाजवत बसतात, तो गालिब फारसा भेटत नाही. तिसरा राहिला तो थट्टेखोर गालिब. संचाचा एकूण सूर करुण आहे, त्यामुळे लोकांच्या मनातला गालिबही कायमचा उदास होऊन बसला.

खरा गालिब पत्रांतून आणि किश्श्यांतून हसतो. त्याच्या शिष्यानं, अल्ताफ हुसेन हाली यांनी, १८९७ साली त्याचं चरित्र लिहिलं. त्यात आंब्याचा किस्सा आहे. गालिबला आंबे जीव की प्राण. त्याच्या एका स्नेह्याला आंबा मुळीच आवडत नसे. एकदा एका गाढवानं वाटेतल्या आंब्याच्या साली हुंगल्या आणि ते पुढे गेलं. स्नेही म्हणाला, बघा, गाढवसुद्धा आंबा खात नाही. गालिब म्हणाला, खरंय, गाढवं आंबा खात नाहीत.

हालींनीच सांगितलेला दुसरा किस्सा १८५७ नंतरचा आहे. दिल्ली इंग्रजांनी पुन्हा घेतली होती. माणसं पकडली जात होती, फासावर जात होती. गालिबलाही एका कर्नलसमोर उभं केलं. कर्नलनं विचारलं, मुसलमान आहेस का? गालिब म्हणाला, अर्धा. म्हणजे काय? तर म्हणाला, दारू पितो, डुक्कर खात नाही. कर्नल हसला आणि गालिब घरी परतला. आपण हा किस्सा विनोद म्हणून सांगतो. पण जरा त्या खोलीत उभं राहून बघा. बाहेर मरण आहे आणि आत एक माणूस दुसऱ्याला 'तू कोण' असं एका शब्दात विचारतोय. त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायला गालिबनं नकार दिला. मराठीत कविता लिहिताना मला आयुष्यभर 'तुम्ही इकडचे की तिकडचे' हा प्रश्न या ना त्या रूपात भेटला आहे. बहुतेक वेळा प्रेमानं, कधी कधी तसा नाही. अशा वेळी मला गायलेला गालिब नव्हे, हा न गायलेला गालिब उपयोगी पडतो.

पण निवड केली म्हणून मी गुलजार-जगजित यांना बोल लावणार नाही. कारण पहिली कात्री स्वतः गालिबनंच चालवली होती. तरुणपणी लिहिलेल्या आपल्या कवितेतला केवढा तरी भाग त्यानं दिवाण सिद्ध करताना काढून टाकला. १८४१ साली तो दिवाण छापला गेला तेव्हा बारीकसं पुस्तक झालं. टाकलेल्या कवितेचं एक हस्तलिखित भोपाळला सापडलं आणि १९२१ साली ते छापलं गेलं, तेव्हा जगाला कळलं की त्यानं किती आणि काय काय वगळलं होतं. म्हणजे पहिली निवड कवीनं केली, दुसरी गुलजार-जगजित यांनी. तिसरी निवड ऐकणाऱ्यानं करायची असते. ती आपण करतो का?

आज ती आपल्यासाठी दुसरंच कुणी करतं. मोबाइलवर रोज सकाळी गालिबच्या नावानं काहीतरी येतं. त्यातलं कितीतरी गालिबचं नसतंच. यमक जुळलं, दारू आणि दुःख आलं, की खाली गालिबचं नाव टाकायचं. बिचाऱ्यानं जन्मभर कर्ज काढलं. आता त्याच्या नावावर दुसरेच उधारी करताहेत.

या संचातल्या माणसांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. गालिब-उमराव यांना सात मुलं झाली, एकही जगलं नाही. जगजित आणि चित्रा सिंग यांचा तरुण मुलगा विवेक १९९० साली अपघातात गेला. त्यानंतर चित्राताईंनी गाणं थांबवलं. १९८८ मध्ये गाताना दोघांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. आपल्याला आज माहीत आहे, त्यामुळे चित्राताईंच्या आवाजातला गालिब ऐकताना तेच सूर वेगळे लागतात. २०११ साली जगजितसिंगही गेले. बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमधल्या गालिबच्या हवेलीत वर्षानुवर्षं दुकानं आणि वखारी होत्या. तिचा थोडा भाग सोडवून तिथे स्मारक झालं आहे. डिसेंबर २०१० मध्ये गुलजार यांनी तिथे गालिबचा अर्धपुतळा बसवला. तो घडवला सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी. दिल्लीच्या त्या अरुंद गल्लीत गालिबचा चेहरा आज उभा आहे, त्यावरून मराठी बोटं फिरली आहेत.

शेवटी एक विनंती. अली सरदार जाफरी यांनी संपादित केलेला गालिबचा दिवाण मुंबईच्या हिंदुस्तानी बुक ट्रस्टनं १९५८ साली काढला होता, उर्दू आणि नागरी अशा दोन्ही लिप्यांत समोरासमोर. नागरी लिपीतल्या, शब्दार्थ दिलेल्या आवृत्त्या आजही मिळतात, वाचनालयात विचारा. संचातली आपल्या आवडीची एक गझल ऐका. मग पुस्तकात ती गझल काढा आणि जे शेर गायलेले नाहीत ते वाचा. एखादा कळेल, एखादा कळणार नाही. न कळलेला चार दिवस डोक्यात राहू द्या. मग त्याचा अर्थ आपल्या मराठीत एका ओळीत लिहून पाहा. तो शेर कुणी गायलेला नसेल, कुणी पाठवलेला नसेल. तो तुमचा तुम्ही शोधलेला असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)